रमतगमत चालण्याची गोडी कशी लावून घ्यावी

भरभर चालण्याची सवय जडलेल्या माणसाला सावकाश चालायला सांगितले, तर पाच मिनिटांतच त्याचा जीव कासावीस होऊ लागतो, आणि यात केवळ स्वभावाचा भाग नसतो. बहुतेक निरोगी प्रौढांचा सोयीचा वेग ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास असतो. त्याहून बरेच हळू चालले, तर तेवढेच अंतर कापायला शरीराची शक्ती उलट जास्त खर्च होते. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस अवघडल्यासारखे वाटणारच, हे गृहीत धरावे.

सर्वप्रथम व्यायामाचा हिशेब वेगळा काढावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल सुचवते, आणि निरोगी माणसाचे रेंगाळत चालणे सहसा त्यात धरता येत नाही. ती मिनिटे दुसऱ्या वेळी भरून काढावीत, म्हणजे फेरफटक्याच्या वेळी ‘आज काहीच झाले नाही’ ही टोचणी राहत नाही.

त्यानंतर पावले मोजणारे घड्याळ घरी ठेवावे. दहा हजार पावलांचा बहुचर्चित आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. तेव्हा त्याचे दडपण बाळगण्याचे कारण नाही. अंतराऐवजी वेळ ठरवावी, आणि वीस मिनिटे पुरेशी आहेत. रस्ता शक्यतो ओळखीचा, कमी रहदारीचा आणि मध्ये कुठेतरी बसता येईल असा निवडावा. नवा रस्ता अधिक रंजक वाटतो खरा, पण तिथे वाट शोधण्यातच निम्मे लक्ष जाते.

निघाल्यावर लगेच वेग रोखू नये. पहिली दोन-तीन मिनिटे नेहमीच्या चालीने जावे, मग पाऊल आखूड टाकावे आणि हात मोकळे सोडावेत. चालता चालता धाप न लागता एखादे गाणे सहज गुणगुणता आले, की वेग योग्य आहे असे समजावे.

खरी अडचण पायांची नसून रिकाम्या डोक्याची असते, म्हणून नजरेला काम द्यावे. मात्र एका दिवशी एकच. आज फक्त झाडांच्या साली पाहाव्यात, उद्या फक्त आवाज ऐकावेत. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग चाललेली दिसली तर तिथे खुशाल थांबावे: समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या क्षणभर एकमेकींच्या मिशांना स्पर्श करतात आणि बाजूने निघून जातात. इतके पाहायला मिनिटभर उभे राहावे लागते, आणि झपाझप चालणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. संध्याकाळी निघाल्यास फोनकडे पाहणे टाळावे, कारण डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पडद्याचा उजेड ती तयारी मोडतो.

सोबत कोणी असेल तर उत्तमच. शेजारी शेजारी चालताना सतत डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, त्यामुळे अवघड विषयही सहज निघतात. मात्र दर दहा पावलांनी घड्याळ पाहणारा सोबती घेण्यापेक्षा एकटे निघालेले बरे.

रेंगाळत चालताना वरचेवर उभे राहणे होते आणि त्याने कंबर व तळपाय भरून येतात. तसे वाटू लागताच बसून घ्यावे. एखाद्या दिवशी पाय आपोआप वेग घेऊ लागले, तर त्यांना घेऊ द्यावा.