लॅबचा पीसी (कॅपिलरी प्रेशर) कर्व्ह सिम्युलेशनमध्ये नीट कसा टाकायचा

पवईत तेलाच्या रिझर्व्हॉयरवर (जमिनीखालचा तेल धरून ठेवणारा खडक) प्रोजेक्ट करणारी पोरं हमखास विचारतात, मर्क्युरी इंजेक्शनचा (खडकाच्या तुकड्यात दाबाने पारा घालून मोजलेला) डेटा हातात आलाय, आता मॉडेलमध्ये टाकायचा कसा? सरळ कॉपी-पेस्ट करू नका एवढं आधी सांगतो, बाकी सावकाश बघू.

पीसी म्हणजे नॉन-वेटिंग आणि वेटिंग (खडकाला चिकटणाऱ्या) फ्लुइडच्या प्रेशरमधला फरक. तो सिग्मा (पृष्ठताण) गुणिले कॉस थीटावर (थीटा म्हणजे संपर्क कोन) चालतो आणि लॅबमधला पारा काही तुमच्या खडकात नसतो. पारा-हवेसाठी साधारण ४८० डाइन प्रति सेंमी आणि १४० अंश धरतात, म्हणजे गुणाकार ३६७ च्या आसपास (चिन्ह सोडून द्या). तेल-पाण्यासाठी ३० आणि ३० अंश धरले तर २६. म्हणजे पाऱ्याचे १०० पीएसआय रिझर्व्हॉयरमध्ये जेमतेम ७ होतात, आणि घनतेचा फरक २०० किलो प्रति घनमीटर असेल तर ते फ्री वॉटर लेव्हलच्या (जिथे पीसी शून्य असतो ती पातळी) वर जवळपास २५ मीटर. हा हिशोब एकदा कागदावर कराच, म्हणजे आपला कर्व्ह शहाणा आहे का वेडा ते तिथल्या तिथे कळतं. आणखी एक, पारा आधी सॅम्पलच्या खडबडीत पृष्ठभागात बसतो, तो सुरुवातीचा भाग क्लोजर करेक्शनने काढा, नाहीतर एंट्री प्रेशर (खडकात शिरायला लागणारा किमान दाब) उगाच कमी दिसेल.

आता खरी गंमत. एका कोअरचा (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्याचा) कर्व्ह सगळ्या ग्रिडला, म्हणजे मॉडेलच्या सगळ्या सेलना, लावणं हा माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा आळस. लेव्हरेटने १९४१ मध्येच जे-फंक्शन देऊन ठेवलंय: पीसी भागिले सिग्मा कॉस थीटा, गुणिले (पर्मिएबिलिटी भागिले पोरॉसिटी) या अख्ख्या भागाकाराचं वर्गमूळ (पीएसआय, डाइन प्रति सेंमी आणि मिलीडार्सी वापरत असाल तर पुढे ०.२१६४५ लावायचं). सगळ्या कोअरचे कर्व्ह जे मध्ये आणून एकावर एक टाका, एकत्र बसले तर एकच रॉक टाइप, दोन घोळके दिसले तर दोन करा, जबरदस्ती नको. पोरॉसिटी तीच ठेवून १०० मिलीडार्सीचा सेल १ मिलीडार्सी केला तर त्याच सॅच्युरेशनला (छिद्रांमधल्या पाण्याच्या वाट्याला) पीसी दहापट होतो, तेव्हा मुंबई हायसारख्या थराथराच्या चुनखडकात हे स्केलिंग सोडलं तर मॉडेलला अर्थच राहत नाही. त्यात चुनखडक बऱ्याचदा ऑइल-वेट किंवा मिक्स्ड-वेट निघतो, मग इम्बिबिशनमध्ये (पाणी वाढत जाताना) पीसी निगेटिव्ह जातो, आणि साधं ब्रूक्स-कोरी सूत्र ते दाखवूच शकत नाही, तिथे टेबलच द्या.

फिटिंगला ब्रूक्स-कोरी (१९६४) घेतलात तर लॉग-लॉगवर सरळ रेष येते, तिचा उतार उणे एक भागिले लॅम्डा. व्हॅन गेनुख्टेन (१९८०) गुळगुळीत आहे पण एंट्री प्रेशर नाही, शिवाय सॅच्युरेशन १ ला पोचलं की उतार अनंत होतो आणि रेसिड्युअलजवळ (पाणी आणखी कमी होत नाही तिथे) पीसीच आकाशात जातो. सिम्युलेटरमधला न्यूटन सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) तिथेच बोंबलतो, टाइमस्टेप कापत बसतो आणि आपण लोकलमध्ये लॅपटॉप उघडून लॉग फाइल बघत बसतो. दोन्ही टोकांना, म्हणजे इफेक्टिव्ह सॅच्युरेशन (रेसिड्युअलला ० धरून मोजलेलं) साधारण ०.०५ च्या खाली आणि १ च्या अगदी जवळ, कर्व्हऐवजी सरळ रेषेची शेपटी जोडा.

बारीक कणांचा आणि जाड कणांचा थर शेजारी आले की लक्षात ठेवा, सीमेवर सलग राहतो तो पीसी, सॅच्युरेशन तिथे उडी मारतं. फक्त बारीक कणांच्या थराच्या एंट्री प्रेशरपेक्षा पीसी कमी असेल तर तेल आत शिरतच नाही, खाली साचतं. सॅच्युरेशनचं ॲव्हरेज काढून हे लपवू नका.

मग टेस्ट. विहिरी बंद ठेवून मॉडेल काही वर्षं नुसतं चालवा (ओपीएम फ्लो हा सिम्युलेटर फुकट आहे, त्याच्या एसडब्ल्यूओएफ या तेल-पाण्याच्या टेबलचा शेवटचा कॉलम पीसीचा). काहीच हललं नाही पाहिजे. सॅच्युरेशन सरकलं तर विहिरीच्या लॉगवरून (मोजणीवरून) घातलेलं पाणी आणि तुमचा पीसी एकमेकांशी बोलत नाहीयेत. स्वॉटइनिट (सुरुवातीचं पाणी ठरवून देणारा कीवर्ड) लावलं तर सिम्युलेटर पीसी ताणून जुळवून देतो, पण किती ताणला ते जरूर बघा, काही सेलमध्ये शंभरपट दिसला तर रॉक टाइपिंगकडे परत जा.

आणि सेल १० मीटर उंच, ट्रान्झिशन झोन (पाण्याकडून तेलाकडे बदलणारा पट्टा) ५ मीटरचा, असं असेल तर आधी उभ्या दिशेने ग्रिड बारीक करा, हिस्टेरेसिस (पाणी वाढताना आणि घटताना वेगळा कर्व्ह) वगैरे त्यानंतर.