लिस्ट प्राइस आणि डिस्काउंट: या चुका टाळा

पुण्याच्या तपकीर गल्लीत विजेचे सामान घ्यायला आलेला नवा कंत्राटदार सर्वांत आधी ‘डिस्काउंट किती?’ असे विचारतो. हा डिस्काउंट कशावर, हे विचारण्याइतका धीर फार थोड्यांना असतो. लिस्ट प्राइस ही उत्पादकाने दरपत्रकात छापलेली, सूट मोजण्यापुरती आधार धरायची रक्कम असते आणि व्यापाऱ्यांमध्ये त्या रकमेला माल क्वचितच विकला जातो. म्हणून ३,००० रुपयांच्या लिस्टवर ६० टक्के सूट देणारी कंपनी २,००० च्या लिस्टवर ४० टक्के देणाऱ्या कंपनीहून उदार ठरत नाही. दोन्हीकडे माल १,२०० रुपयांनाच पडतो.

सर्वाधिक नुकसान होते ते ‘चाळीस अधिक दहा’ टक्के, म्हणजे एकामागून एक दिलेल्या दोन सुटी, मिळून पन्नास असे समजल्याने. कोथरूडमधल्या एका इमारतीच्या वायरिंगचे काम घेतलेल्या तरुणाने हा दर फोनवर ऐकला आणि २,००० रुपये लिस्टचे बंडल १,००० ला पडेल असे धरून सोसायटीला कोटेशन देऊन टाकले. प्रत्यक्षात ४० टक्के वजा जाता १,२०० उरतात, दहा टक्के त्या १,२०० वर मिळतात, म्हणजे १,०८०. शिवाय ते दरपत्रक कर वगळून होते, त्यामुळे १८ टक्के जीएसटी धरून बिल १,२७४ रुपये ४० पैशांचे झाले. पन्नास बंडलांमागे १३,७२० रुपयांचा खड्डा पडला, आणि जीएसटी नोंदणी नसल्याने इनपुट क्रेडिटचाही (खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याचा) प्रश्न नव्हता. दुकानदाराने फसवल्याची तक्रार तो बराच काळ करत होता. दरपत्रकाच्या तळाशी ‘कर वेगळा’ असे छापलेले मात्र त्याने वाचलेच नव्हते. मोबाइलवर टक्केवारी काढण्याची घाई मला मुळीच पसंत नाही. मी ‘सगळे धरून नेट किती?’ एवढेच विचारतो आणि मिळालेला आकडा तारखेसह दरपत्रकाच्या मागे लिहून ठेवतो.

वेष्टनावरची एमआरपी ही निराळी गोष्ट आहे: ती सर्व करांसह असलेली कमाल मर्यादा असते, तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही आणि तिच्यापेक्षा कमी दराने विकायला कोणतीही आडकाठी नसते.

तांब्याचा भाव हलला की वायरींच्या लिस्टही बदलतात, तेव्हा जुन्या दरपत्रकावर कोटेशन देऊ नये.

लिस्टवर मिळणारी ही व्यापारी सूट बिलातच वजा होते व वहीत निव्वळ रकमेची नोंद होते. वेळेत पैसे भरल्याबद्दलची रोख सूट वेगळ्या खात्यात जाते, त्यामुळे उधारीवर माल उचलणाऱ्याने तिचा हिशेब आधीच धरू नये.