कामावरच्या पोरांच्याच मोबाईलवर कंपनी चालवताय? मग आधी एवढं आवरा

गेल्या जुलैत आमचा एक ट्रक कोल्हापूरजवळच्या शिरोलीत कारखान्याच्या गेटच्या आत रात्रभर उभा होता. माल भरलेला, ताडपत्री बांधलेली, ड्रायव्हर जेवून केबिनमध्ये झोपलेला, आणि ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यावर न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, काही निघंना. का, तर लॉगिनचा ओटीपी ज्या मोबाईलवर जातो तो मोबाईल मसाई पठारावर कुणाच्या तरी सॅकमध्ये पावसात भिजत होता. आमचा डिस्पॅचचा पोरगा मे महिन्यात नोकरी सोडून चाकणला गेला होता, तो मित्रांबरोबर पन्हाळा-पावनखिंड ट्रेकला आलेला आणि तिथं रेंजच्या नावानं बोंब. त्याच्या आईला फोन केला, त्याच्या मित्राच्या भावाला केला, शेवटी गप बसलो. ट्रान्सपोर्टवाल्यालाही बिल काढता येतं हे आठवलं तेव्हा त्याचं ऑफिस बंद झालं होतं.

आणि खरी लाजेची गोष्ट पुढंच आहे. मे ते जुलै तो पोरगा रोज चाकणहून फोनवर आम्हाला ओटीपी सांगत होता. लई सरळ पोरगं, कधी कंटाळा केला नाही, आणि आम्ही पण 'गेला तरी विसरला नाही बघा' असं कौतुक करायचो. म्हणजे दुसऱ्याचा पगार घेणारा माणूस आमची गाडी गेटबाहेर जाणार का नाही ते ठरवत होता आणि आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं! मी काय आयटीवाला नाही, ऑफिसात कॉम्प्युटरचं जरा कळतं म्हणून हे सगळं माझ्या गळ्यात. परवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मशीन शॉपवाल्यांनी विचारलं, सगळ्यांना कंपनीचे फोन घेणं परवडत नाही, पोरांच्याच फोनवर मेल टाकून देतो, काय काय बघायला लागेल? त्यांना फोनवर अर्धं सांगितलं, बाकीचं इथं.

पहिलं काम म्हणजे वही घ्या. कुणाच्या मोबाईलवर कंपनीचं काय काय आहे ते लिहा, मेल, व्हॉट्सॲप ग्रुप, पार्टची ड्रॉइंग, बँकेचं ॲप, सीसीटीव्हीचं ॲप पण. सीसीटीव्ही सगळे विसरतात, बसवणाऱ्या माणसाच्या फोनवर तुमचं गेट अजून दिसत असतं. स्क्रीन लॉक, अपडेट वगैरे मी सांगत बसत नाही, तेवढं कळतंय सगळ्यांना. फक्त ज्या फोनला सिक्युरिटी अपडेट यायचं बंद झालंय त्यावर मेल टाकायचा नाही, मग तो फोन मालकांचा असला तरी नाही.

आता नंबर. वहीत अजून एक कॉलम मारा, 'ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो'. जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक, ईमेलचं ॲडमिन खातं, वेबसाइटचं डोमेन, वीजबिल, पीएफ, सगळ्यासमोर नंबर लिहा आणि तो नंबर कुणाच्या खिशात आहे ते लिहा. आमच्याकडं सात ठिकाणी बघितलं तर दोन नंबर गेलेल्या माणसांचे, एक रिटायर झालेल्या अकाउंटंट काकांचा आणि एक कुणाचा ते आजतागायत कळलं नाही. हे असं होतं कारण रजिस्ट्रेशनच्या दिवशी मालक म्हणतात 'माझा नको रे, दिवसभर मेसेज येत बसतात, तुझाच टाक', आणि आपण टाकतो. तेव्हा नुसत्या पासवर्डवर चालायचं म्हणून नंबराला कोण विचारत नव्हतं. ई-वे बिलला ओटीपी आधी मोठ्या उलाढालवाल्यांना लागू झाला आणि 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांनाच, तेव्हा कुठं कळलं कुणाचा नंबर टाकून बसलोय ते.

उपाय स्वस्त आहे. कंपनीच्या नावावर एक सिम घ्या, पोराच्या आधारवर नाही, कंपनीच्या नावावर. साधा बटनाचा फोन घ्या, ऑफिसच्या कपाटात ठेवा, चार्जर तिथंच. सगळे ओटीपी त्याच्यावर. ई-वे बिल पोर्टलवर सब-युजर, म्हणजे मेन खात्याखाली वेगळी लॉगिन, करता येतात, प्रत्येकाचा मोबाईल वेगळा, तर निदान दोन माणसांना करून ठेवा म्हणजे एक ट्रेकला गेला तरी दुसरा आहे. आणि त्या कपाटातल्या सिमचा रिचार्ज कोण मारणार ते नावासकट लिहा, कारण रिचार्ज संपून नंबर बंद पडला तर 90 दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज इचलकरंजीत कुणीतरी वाचत बसेल. नंबर बदलायचं काम माणूस कामावर असतानाच करा, गेल्यावर नाही. जीएसटीला तर जुना मोबाईल आणि मेल दोन्ही हातात नसतील तर ज्यूरिसडिक्शनच्या, म्हणजे आपल्या भागाच्या, जीएसटी ऑफिसरकडं कागदं घेऊन अर्ज करायला लागतो, मी केलाय, त्या ऑफिसात चकरा मारून चप्पल झिजली.

पुढं मेल. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल म्हणून एक सोय असते, फोनच्या आत कंपनीचा वेगळा कप्पा. त्यातल्या ॲपवर बारकी ब्रीफकेस दिसते, मेल-फाइल सगळं त्या कप्प्यात, आणि माणूस सोडून गेला की कंपनी तेवढाच कप्पा पुसू शकते, त्याच्या बायकोपोरांचे फोटो तसेच राहतात. मेलची सर्व्हिस घेताना हे कुठल्या प्लॅनमध्ये मिळतं ते स्पष्ट विचारा, विकणारा 'सगळं आहे' म्हणतो. पोरं सुरुवातीला कुरकुरणार, 'फोन माझा, तुम्ही आत काय बघणार?' आणि त्यांचं बरोबर आहे की. त्यांना बसवून, स्क्रीन दाखवून सांगा की तुमची गॅलरी आम्हाला दिसत नाही, आणि एक पानाचं मराठीत लिहून सही घ्या, काय पुसणार, कधी पुसणार, फोन हरवला तर कुणाला किती वेळात सांगायचं. इंग्रजीतलं चार पानांचं छापील नको, ते कुणी वाचत नाही, मी पण नाही.

ड्रॉइंगचा विषय आमच्याकडं सगळ्यात घाण होता. शॉपवर पोरगं ड्रॉइंगचा फोटो मारतं, माप मोठं करून बघायला, त्यात वाईट हेतू काही नाही. पण तो फोटो त्याच्या स्वतःच्या क्लाउडवर आपोआप बॅकअपला जातो. आमच्या एका सीएनसी ऑपरेटरच्या घरी गणपतीत टीव्हीवर फोटो फिरत होते, आरती, जोतिबाची चैत्र यात्रा, पोरीचा वाढदिवस, आणि मधेच गिऱ्हाइकाच्या हाउसिंग नावाच्या पार्टचं ड्रॉइंग, खाली कोपऱ्यात पार्ट नंबर आणि 'कॉन्फिडेन्शियल' लिहिलेलं. मी मोदक खाता खाता बघितलं. आता शॉपवर एक कंपनीचा टॅब ठेवलाय, जुनाच, पण ड्रॉइंग फक्त त्याच्यावर.

व्हॉट्सॲप बंद करा म्हणणारे सल्लागार शिरोलीत कधी आले नसावेत. बंद होत नाही. निदान ग्रुपचा ॲडमिन एकापेक्षा जास्त ठेवा, आणि लिंक्ड डिव्हाइसेस, म्हणजे आपलं व्हॉट्सॲप अजून कुठं उघडं आहे ती यादी, महिन्यातनं एकदा प्रत्येकाला उघडून बघायला लावा. चार डिव्हाइस जोडता येतात आणि मेन फोन चालू नसला तरी 14 दिवसांपर्यंत तिथं चालतं, त्यामुळं बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोटेशन प्रिंट करून लॉगआउट न करता आलेला सेल्सवाला म्हणजे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुमचे रेट उघडे. गिऱ्हाइकाशी बोलायचा नंबर पण कंपनीचाच पाहिजे. परत नंबरच आला बघा. सेल्सवाला गेला की गिऱ्हाइक त्याच्याच नंबरवर फोन करत राहतं, आणि तो आता दुसऱ्या फाउंड्रीचा माल विकतोय.

लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, बँकेची केवायसी अशा नावानं एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते, ती दाबायची नाही. एकदा बसली की तुमचे एसएमएस वाचते, म्हणजे ओटीपी वाचते. आता विचार करा, तो फोन ज्याच्यावर बँकेचा ओटीपी येतो तोच असेल तर? म्हणून म्हणतोय कपाटातला बटनाचा फोन. त्याच्यात एपीके बसतच नाही.

वायफाय दोन करा, ऑफिसचं एक, पोरांच्या मोबाईलला एक. राउटरमध्ये गेस्ट म्हणून असतंय, दहा मिनिटांचं काम.

फोन हरवला तर क्रम असा, आधी ऑफिसला कळवायचं मग घरी. मेलच्या ॲडमिननं खातं त्या फोनवरनं काढायचं, सिम बंद करायचं, पोलिसात तक्रार, मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, टाकून फोन ब्लॉक. त्यानं फोनला मोबाईल नेटवर्क मिळत नाही, आतला डेटा पुसला जात नाही, हे लक्षात ठेवा. आयएमईआय आधीच वहीत पाहिजे, *#06# दाबलं की येतो, हरवल्यावर कुठं दाबणार. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन, उद्या सकाळी नाही. आणि डुप्लिकेट सिम घेतलं तरी पहिले 24 तास एसएमएस चालत नाहीत, म्हणजे एक दिवस ओटीपी नाही, म्हणजे गाडी गेटवर. दुसरा सब-युजर केलाय का? नसेल तर वर जाऊन परत वाचा.

माणूस सोडून जातो तेव्हा शेवटच्या दिवशी, हिशेबाचा चेक देण्याआधी मेल काढा, ग्रुपमधनं काढा, पासवर्ड बदला, टॅली, सीसीटीव्ही, सब-युजर. बाकीचं वहीत आहे तसं.

आणि नंबर. वही उघडून त्या कॉलममध्ये त्याचा नंबर कुठं कुठं आहे ते बघा, बदला, बदलल्यावर एकदा लॉगिन करून ओटीपी खरंच कपाटातल्या फोनवर वाजतोय का ते त्याच्यासमोर बघा. आमच्या कपाटातल्या फोनचा रिचार्ज 12 तारखेला संपतोय, तो आज मारायचाय.