मध्ययुगीन श्रीलंकेचा परराष्ट्रसंबंध आणि व्यापार कसा अभ्यासावा

या विषयाकडे वळणारे बहुतेक अभ्यासक राजवंशांच्या यादीपासून सुरुवात करतात आणि तिच्यातच अडकून पडतात. त्याऐवजी एखादा माल निवडून त्याच्या मागोमाग जावे, असा माझा आग्रह आहे, आणि त्यासाठी हत्तीची निवड सर्वांत फलदायी ठरते.

प्रथम पहिल्या पराक्रमबाहूचा (११५३–११८६) श्रीलंकेच्या उत्तर टोकाजवळील नयिनातीवू बेटावरील शिलालेख वाचावा. हत्ती-घोडे घेऊन येणारे गलबत फुटल्यास मालाचा चौथा हिस्सा राजकोशात जमा व्हावा व उरलेले तीन हिस्से मालकाला मिळावेत, आणि इतर माल असल्यास निम्मा राजाचा व निम्मा मालकाचा, असा नियम त्यात घालून दिला आहे. राजाला कोणता माल बंदरात यायला हवा होता, हे या दोन प्रमाणांतील फरकच सांगतो. लेखाच्या भाषेकडेही लक्ष द्यावे. पोलोन्नरुवा या राजधानीतून राज्य करणाऱ्या सिंहली राजाने हा हुकूम तमिळमध्ये कोरवला, म्हणजे त्याला ज्या व्यापाऱ्यांना दिलासा द्यायचा होता, त्यांची भाषा त्याने वापरली.

बेटावर हत्ती असताना ते बाहेरून का आणावेत, हा प्रश्न मनात ठेवूनच ‘चूलवंस’ या पाली बखरीकडे वळावे. रामञ्ञ देशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, राजाने हत्तींची किंमत वाढवली, नजराणे आणणाऱ्या प्रत्येक गलबतास एक हत्ती देण्याची जुनी चाल मोडली आणि कंबोजाकडे, म्हणजे बहुधा आजच्या कंबोडियाकडे, पाठवलेली लंकेची राजकन्या पळवली, म्हणून पराक्रमबाहूने आरमार धाडले, असे ती सांगते. बखर भिक्षूंनी राजाच्या गौरवासाठी रचलेली असल्याने तिच्यातील विजयवर्णन जसेच्या तसे स्वीकारू नये. मात्र श्रीलंकेतील देवनगलचा शिलालेख रामञ्ञ देशातील कुसुमिया बंदरावरील स्वारीचा आणि तिच्या सेनानीला दिलेल्या जमिनीचा स्वतंत्र उल्लेख करतो, त्यामुळे मोहीम झाली यात शंका राहत नाही. याच देशाशी लंकेचा आधीचा राजा पहिला विजयबाहू याने ११व्या शतकात बौद्ध भिक्षुसंघाच्या पुनरुज्जीवनासाठी भिक्षू मागवून जवळीक साधली होती, हे विसरल्यास संबंधांचे चित्र केवळ वैराचे उरते.

नाण्यांच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी. सोंग राजवंशाच्या काळातील (९६०–१२७९) चिनी नाणी लंकेत सापडली आहेत, परंतु अशी नाणी दक्षिण भारतातही फिरत असल्याने तेवढ्यावरून चीनशी थेट व्यापार सिद्ध होत नाही.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘लंकेचा राजा’ असे एकवचनी लिहिणे टाळावे, कारण उत्तरेकडील जाफना येथील आर्यचक्रवर्ती या तमिळ राजघराण्याचे राज्य स्वतःचे संबंध राखून होते. १३४४ मध्ये बेटावर आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता त्यांच्याच राजाला भेटला. उलट १२८३ मध्ये इजिप्तमधील कैरोच्या मामलूक सुलतानाकडे वकील पाठवणारा पहिला भुवनेकबाहू दक्षिणेकडील सिंहली राजा होता. त्याचे पत्र कैरोत कोणालाही वाचता आले नाही आणि मोती, रत्ने, हत्ती, दालचिनी यांची माहिती वकिलांनी तोंडी दिली, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. दूर देशाशी बोलणी दुभाष्यांवर किती अवलंबून असत, ते त्यातून दिसते.

शेवटी गॉल येथील त्रिभाषी शिला हाती घ्यावी. चीनच्या मिंग सम्राटाचा नौसेनापती झेंग हे याच्या ताफ्याने आणलेल्या या १४०९च्या शिलेवरील चिनी मजकूर बुद्धाला, तमिळ मजकूर लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील तेनवरै येथील हिंदू देवाला आणि फारसी मजकूर अल्लाहला दान अर्पण करतो. तिन्ही मजकूर एकमेकांची भाषांतरे नाहीत, म्हणून एक वाचून इतर दोन गृहीत धरू नयेत. त्यानंतर मिंग दरबाराची नोंद पाहावी, ज्यानुसार १४११ मध्ये याच झेंग हेने अळगक्कोनार या लंकेच्या सत्ताधीशाला कैद करून चीनला नेले. शिलेवरील दानाची यादी आणि दरबारातील कैदेची नोंद, दोन्ही आपल्या वहीत एकाच पानावर समोरासमोर उतरवून घ्याव्यात.