साहित्यात पीएचडी करायचीय? विषय नंतर, आधी गाइड आणि पैशाचं बघा (नाशिककरांसाठी)

एमए झालं की जो तो आधी विषय शोधत बसतो. ग्रामीण कादंबरी घेऊ का दलित आत्मकथन घेऊ, यातच सहा महिने जातात आणि तोवर नेट या पात्रता परीक्षेचा फॉर्म बंद झालेला असतो. माझं मत उलटं आहे. मराठी काय किंवा इंग्रजी काय, साहित्यात विषय पन्नास मिळतात, पण गाइडकडे रिकामी जागा आणि खात्यात दर महिन्याला पैसे या दोन गोष्टी मिळत नाहीत, म्हणून त्या आधी.

पात्रता पटकन सांगते. एमएला ५५ टक्के पाहिजेत, एससी, एसटी, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएसला ५० चालतात. एमए मुक्त विद्यापीठातून केलं असेल तरी चालतं, घाबरू नका, पण पीएचडी मात्र डिस्टन्स किंवा ऑनलाइन होत नाही, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे "घरबसल्या पीएचडी" अशी जाहिरात दिसली की पुढे स्क्रोल करा.

आता नेट. जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते, एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाच फॉर्म भरता येतो, मराठीचा कोड ३८. पेपर एक १०० मार्कांचा, पेपर दोन २०० चा, मिळून तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न सोडू नका. २०२४ पासून निकालाचे तीन गट लागतात: जेआरएफ (म्हणजे पीएचडी करताना दर महिन्याला पैसे देणारी फेलोशिप), मग असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, आणि तिसरा नुसता पीएचडी प्रवेश. खालच्या दोन गटात असाल तर प्रवेशाला नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि तो स्कोअर एकच वर्ष चालतो, म्हणजे निकाल लागल्यावर "बघू दिवाळीनंतर" करून चालत नाही. जी विद्यापीठं स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) घेतात तिथे अर्धा पेपर संशोधन पद्धतीवर असतो, साहित्यवाली मुलं तो हमखास हलक्यात घेतात आणि तिथेच गळतात.

गाइडचं नीट ऐका. प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ च विद्यार्थी घेता येतात, आणि ज्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून सरांना किंवा मॅडमना भेटाल तेव्हा पाया पडून झाल्यावर दोनच गोष्टी विचारा, जागा आहे का आणि अजून सर्व्हिस किती. अवघड वाटतं विचारायला, पण विचाराच. विद्यापीठाच्या साइटवर मान्यताप्राप्त गाइड आणि रिसर्च सेंटरची यादी असते, ती काढा आणि शक्यतो नाशिकमधलंच सेंटर बघा, कारण पुण्यातलं धरलं तर प्रत्येक सहीसाठी सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत दोनशे किलोमीटर जायचं आणि परत यायचं. गाइडच्या आधीच्या एक-दोन विद्यार्थ्यांना चहाला बोलवा, खरी माहिती तिथे मिळते.

पैसे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर एसआरएफ (त्याच फेलोशिपचा पुढचा टप्पा) म्हणून ४२,०००, एचआरए (घरभाडे भत्ता) वेगळा, एकूण पाच वर्षांपर्यंत. ओपनच्या मुलांना वयाची अट ३०, मुलींना आणि राखीव गटांना पाच वर्षं सूट. जेआरएफ हुकली म्हणजे सगळं संपलं असं नाही. एससी असाल तर बार्टी, मराठा-कुणबी असाल तर सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असाल तर महाज्योती, आदिवासी असाल तर टीआरटीआय, या चार सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. त्या ठरलेल्या महिन्यात निघतीलच असं नाही, आणि निघाल्या की धावपळ होते, म्हणून जात पडताळणी, नॉन क्रीमी लेयर, डोमिसाइल, आधार लिंक केलेलं खातं हे सगळं आत्ताच फाइलला लावून ठेवा. घरात एकुलती एक मुलगी असाल, भाऊ-बहीण नाही, तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे, जुळ्या बहिणींना पण चालते, वय ४० पर्यंत आणि राखीव गटात ४५, फक्त पीएचडी फुल टाइम पाहिजे. ही मुलींना माहितीच नसते, मैत्रिणींना सांगा.

फेलोशिप लागली म्हणून लगेच रूम बदलू नका. जेआरएफमध्ये दर महिन्याला विद्यापीठाने पोर्टलवर तुमचं कन्फर्मेशन टाकायचं असतं, ते राहिलं की पैसे अडकले, मग तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. तेवढ्या खर्चाची सोय हाताशी ठेवा, आणि ऑफिसातल्या क्लार्कशी गोड बोला, चेष्टा नाही करत.

मग विषय. शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) आधी बघा काय काय होऊन गेलंय, शोधताना देवनागरीत टाका आणि इंग्रजी स्पेलिंगने पण टाका, नाहीतर अर्धे प्रबंध दिसतच नाहीत. "अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण" या साच्यातले विषय ढिगाने झालेत, मुलाखतीत पॅनेल कंटाळतं. आपल्याकडेच बघा ना, वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, त्यांची गाणी अजून लोकांच्या तोंडी आहेत. सुरगाणा-पेठकडची कोकणा बोलीतली मौखिक गाणी-कथा आहेत, फील्डवर्क एसटीने जाऊन होतं. जुने अंक, जुनी पुस्तकं लागली तर १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) उद्दिष्टं, गृहीतक, आधीचं काम, प्रकरणं आणि संदर्भ एवढं नीट आलं पाहिजे, आणि "आधीचं काम" यातच तुमचा अभ्यास दिसतो, तिथे जास्त वेळ द्या.

सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणाऱ्यांनी लक्षात घ्या, फेलोशिप आणि पगार दोन्ही एकदम चालत नाही, अटी वाचून मगच सही करा. पर्मनंट नोकरीवाल्यांना पार्ट टाइम पीएचडी करता येते, त्याला संस्थेची एनओसी लागते आणि त्यात कोर्सवर्कसाठी मोकळं सोडू असं लिहून घ्यावं लागतं. ते पत्र मुलाखतीच्या आधी मागा, कारण संस्थाचालकांची सही मिळायला कधीकधी नेट पास होण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.