तळ्याचा मातीचा बांध पावसाळ्यात कसा सांभाळायचा

फार्महाऊसच्या तळ्यावर पाहुणे आले की पाण्याकडे तोंड करून फोटो काढतात, काढू देत, पण मालकाने पाण्याकडे पाठ करून बांधाच्या मागच्या पायथ्याला चक्कर मारायची, मे मध्ये एकदा, पाऊस लागला की दर आठवड्याला आणि रात्रभर कोसळला असेल तर सकाळी चहाच्या आधी.

मे मध्ये झाडोरा काढा, नाहीतर काही दिसतच नाही. हरळी ठेवा, ती माती धरते. बाभूळ, उंबर बोटाएवढं असतानाच उपटायचं, मोठं होऊ दिलं आणि मग नुसतं तोडलं तर आत मुळं कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते. घुशीची, खेकड्याची बिळं पण बघा. २०१९ ला तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं तेव्हा सगळे हसले होते, मीपण हसलो, पण छोट्या बांधात बिळं सोडून देण्यासारखी नसतात.

आता पाझर. थोडा पाझर मातीच्या बांधाला असतोच. काचेच्या ग्लासात पाणी धरा, नितळ असेल तर बादली किती मिनिटात भरते ते वहीत लिहा, सोबत तळ्याची पातळी पण लिहा नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही. गढूळ आलं तर बांध आतून पोखरला जातोय. इथे लोक भोकावर काळी माती नाहीतर सिमेंट थापतात (मीपण थापलंय), पाणी कोंडतं आणि शेजारून निघतं. त्यापेक्षा आधी जाडी वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी, म्हणजे पाणी जातं, माती थांबते. हे तात्पुरतं हं, इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा. तळं खाली करायला घ्या पण हळूहळू, एकदम उपसलं तर आतला ओला उतार घसरतो.

सांडव्याला, म्हणजे तळ्यातलं जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेला, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावायचा मोह सगळ्यांना होतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्कचं धरण असंच होतं, श्रीमंतांच्या क्लबचं खासगी, मातीचं, मासेमारीला आणि बोटिंगला. सांडव्यावर माशांसाठी जाळ्या, घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा उतरवलेला, तळातून पाणी सोडायचे पाईप आधीच्या मालकाने काढलेले ते परत बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि जॉन्सटाउनकडे २,२०९ माणसं मेली. तर जाळी काढा, सांडव्यातला पालापाचोळा काढा, आणि दोरी ताणून बघा बांधाचा माथा मधे बसलाय का, कारण पाणी चढलं की पहिलं तिथूनच ओलांडणार. खड्डा असेल तर मातीचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून (ठोकून दाबून) भरा, नुसता मुरूम ओतून ट्रॅक्टर फिरवू नका.

ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती असेल तर तिथल्या दोघातिघांचे नंबर मोबाईलमध्ये ठेवा. गढूळ पाणी वाढायला लागलं की पहिला फोन त्यांना, जेसीबीवाल्याला नंतर.