आतड्याच्या ऑपरेशननंतर रुग्ण लवकर उभा राहावा म्हणून

आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडली, की घरच्यांच्या तोंडी दोन वाक्यं ठरलेली असतात. "वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही" आणि "टाके ताजे आहेत, पडून राहू दे." पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी हा प्रघात मोडला. वेदना नीट आटोक्यात ठेवून रुग्णांना लगेच खायला-चालायला लावलं, तर ते कितीतरी लवकर घरी जातात हे त्यांनी दाखवलं. ही पद्धत आता ‘इरास’ (ERAS, म्हणजे ऑपरेशननंतर लवकर सावरणं) नावाने जगभर वापरतात. खालचं सगळं ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आहे. आतडं फुटलं किंवा अडलं म्हणून तातडीने पोट उघडलं असेल, तर सर्जन सांगतील तेच करायचं.

तयारी आधीच सुरू होते. तंबाखू, सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. हिमोग्लोबिन कमी असेल तर वेळेत लोह. दिवस थोडे असतील तर शिरेतून देता येतं का ते विचारा. पोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापल्या जागांतून जंतू शिरतात. ‘रात्री बारानंतर काहीच नाही’ हा नियमही बहुतेकांना लागत नाही. घन अन्न सहा तास आधी थांबवायचं. पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेला सफरचंदाचा रस दोन तास आधीपर्यंत चालतो. मात्र मधुमेह असेल, किंवा पोट सावकाश रिकामं होत असेल, तर भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही.

ऑपरेशननंतर आतडं सुस्त पडतं, त्याची कारणं ठरलेली आहेत: हाताळणी, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं आणि जास्त सलाईन. जादा पाण्याने आतड्याची भिंत सुजते, जोडही सुजतो. म्हणून ‘ताकदीसाठी अजून एक बाटली लावा’ असा आग्रह धरू नका. एक लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या) सलाईनमध्ये साखर ५० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २०० कॅलरी. रुग्ण तोंडाने नीट पिऊ लागला की सलाईनचं काम संपतं.

डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याच संध्याकाळी घोट-घोट पाणी. दुसऱ्या दिवशी पेज, पातळ ताक, मऊ भात आणि मुगाचं वरण, इडली, उकडलेलं अंडं. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी. इथे घरोघरी एक चूक होते: आठवडाभर नुसती पेज. जखम भरायला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे पेजेवर हा हिशेब कधीच जुळणार नाही. पनीर, दही, अंडी, मासे आणि गरज पडल्यास आहारतज्ज्ञांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर वापरा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. उलटी झाली किंवा पोट फुगलं तर बळेच भरवू नका, थांबा आणि नर्सला सांगा.

उठताना सरळ उठून बसायचं नाही, टाक्यांवर ताण येतो. आधी कुशीवर वळा, गुडघे वाकवा, पाय खाटेखाली सोडा आणि हाताच्या रेट्याने वर या. दोन मिनिटं कडेला बसून मग उभं राहा, कारण पहिल्यांदा चक्कर येते. पहिल्या दिवशी एकूण दोन तास खाटेबाहेर, पुढे रोज सहा तास, तुकड्यातुकड्यांत. खुर्चीत बसणंही यात धरा. खोकताना पोटावर उशी घट्ट दाबून धरा. तीन चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र फुंकायचं नसतं, नळीतून श्वास आत ओढायचा असतो. जागेपणी दर तासाला दहा वेळा. वॉर्डात निम्मे लोक ते फुंकत बसलेले दिसतात आणि मग छातीत कफ साठतो.

दुखेल तेव्हा गोळी, असं करू नका. पॅरासिटामॉल लिहून दिलेल्या वेळेला घड्याळ लावून द्या. दुखणं दबलेलं असेल तरच माणूस खोकतो आणि चालतो. डोलो आणि क्रोसिन दोन्ही पॅरासिटामॉलच, एकत्र देऊ नका. दुकानातून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणून देणं तर टाळाच.

घरी आल्यावर सहा आठवडे चार-पाच किलोंवर काही उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादली आणि नातवंडं त्यात आली. पहिले काही आठवडे कच्ची कोशिंबीर, मटकीची उसळ, मक्याचं कणीस, बियांचा पेरू नको. शौचाला झालं नाही म्हणून घरच्या घरी एनिमा देऊ नका. गुदाशयाजवळचा जोड फाटू शकतो. कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर रक्त गोठू नये म्हणून दिलेली पोटातली इंजेक्शनं अनेकदा चार आठवडे घ्यावी लागतात. बरं वाटतंय म्हणून ती मध्येच सोडू नका.

लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलं असेल, तर त्यावर लावलेल्या पिशवीत किती येतं ते मोजून लिहून ठेवा. दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं की शरीरातलं मीठ-पाणी झपाट्याने जातं. तहान लागली म्हणून नुसतं पाणी पाजलं तर पिशवी आणखी भरते. अशा वेळी एक लिटर पाण्यात लिटरची पूर्ण पुडी घालून ओआरएस घोट-घोट द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. शहाळ्यात सोडियम कमी असतं, ते पुरत नाही. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा, वजनाने ती सुटते. पोटावरचं आतड्याचं तोंड लालसर-ओलं असावं. काळं-जांभळं दिसलं तर थांबू नका.

सगळ्यात जपायचं ते जोड गळण्याला. हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात होतं, कधी घरी गेल्यावरही. आधी नाडी वाढते, म्हणून घरीही दिवसातून दोनदा मोजा. बसल्या जागी १००च्या वर टिकून राहिली, श्वास भरभर झाला, ताप आला, पोट फुगलं, पोटात किंवा खांद्यात नवं दुखणं आलं, काल जेवणारा माणूस आज ताट ढकलू लागला, यातलं काहीही दिसलं तर गॅसची गोळी किंवा जवळच्या दवाखान्यातलं अँटिबायोटिक देऊन रात्र काढू नका. खाणं थांबवा, डिस्चार्ज कार्ड घ्या आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे लगेच न्या. ते फार लांब असेल तर फोन करून, सीटी स्कॅन आणि सर्जन असलेल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात.